मागचं फाटक

सचिव: ...तर पहिला प्रश्न तोच येणार. घंटा झाल्यावर तुम्ही काय केलंत?

बाई: निघाले.

सचिव: असं नाही, बाई. 'निघालो' म्हणायचं. संघटनेत 'मी' नसतो, घसा कोरडा करून सांगतोय. 'आंदोलनाच्या निर्णयाप्रमाणे आम्ही सगळे शिक्षक घंटेला निघालो.' म्हणा बघू.

बाई: आम्ही सगळे निघालो.

सचिव: पाठांतर म्हटल्यासारखं नको. चौकशीला येणारी माणसं काही दुधखुळी नाहीत.

बाई: मला आता सगळं असंच येतं, सर.

सचिव: चहा घ्या. निवला वाटतं.

बाई: गरम आहे का गार, कळत नाही. परवा जीभ भाजली, तेही नंतर कळलं.

सचिव: एकदा रडून घ्या. मोकळं वाटेल.

बाई: येत नाही रडू. घरी माणसं धीर द्यायला येतात, मीच त्यांना चहा करते. सासूबाई म्हणाल्या, तुला काळीज आहे का नाही? म्हटलं, बघायला हवं.

सचिव: तुमच्या वर्गातल्या त्या पोराचं काय म्हणतात डॉक्टर?

बाई: पाय वाचला. गुडघा वाकणार नाही. गोगलगाय म्हणायचो आम्ही त्याला. पहिलीचा सगळा वर्ग घरी पोचायचा, तरी याची बुटाची नाडी चालूच. त्या दिवशी त्याच्या आजोबांना न्यायला यायला उशीर झाला. एकटंच गेलं रस्त्यावर. टेम्पो मागे येत होता.

सचिव: तो दोष टेम्पोवाल्याचा. आणि फाटकावर रखवालदार नव्हता, तो दोष वरच्यांचा. म्हातारा निवृत्त झाला, जागा भरलीच नाही, काम मारलं शिक्षकांच्या गळ्यात. म्हणून तर आंदोलन. घंटा झाली की निघायचं, फाटक ज्याचं त्याने सांभाळावं.

बाई: तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी.

सचिव: हो ना.

बाई: पुढच्या फाटकावर तर केवढी रहदारी. तिथे इतक्या दिवसांत काही झालं नाही.

सचिव: नाही झालं.

बाई: कसं काय?

सचिव: बाई, आज ना उद्या कळेलच तुम्हाला. तुम्ही बदली होऊन आलात, त्याच्या आधी एक बोलणं झालं होतं. बैठकीत नाही, बैठक संपल्यावर जिन्यात. घंटा झाली की निघायचं, पण बारकी पोरं जाईपर्यंत फाटकापाशी काहीतरी निमित्त काढून रेंगाळायचं. पीटीचे सर स्कूटरची हवा बघतात.

बाई: रोज?

सचिव: रोज.

बाई: आणि चित्रकलेच्या बाई पर्समध्ये किल्ली शोधतात.

सचिव: हो.

बाई: मी त्यांच्या किल्लीला लाल दोरा बांधून दिला होता. म्हटलं, बिचारीला पटकन सापडेल.

सचिव: मागच्या फाटकाशी एकटा तुमचाच वर्ग. मला वाटलं, चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं असेल. त्यांना वाटलं, मी सांगितलं असेल.

बाई: कुणी सांगितलं नाही.

सचिव: नाही. चुकलं आमचं.

चित्रकलेच्या बाई: येऊ का? आलेत ते चौकशीचे तिघे. मोठ्या बाईंच्या खोलीत बसलेत, घंटा झाली की बोलावतील. अगं, चहा तसाच आहे तुझा.

बाई: किल्ली सापडते का हो आता?

चित्रकलेच्या बाई: सर, सांगितलंत हिला?

सचिव: सांगावं लागलं.

चित्रकलेच्या बाई: झोप नाही गं मला. शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खाते तुझ्यासोबत, आणि एवढं सांगायचं राहिलं. पण आत आम्ही सगळे एकच सांगणार आहोत. कुणीच थांबत नव्हतो. पीटीचे सरही तयार आहेत.

बाई: खोटं आहे ते.

सचिव: झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकीचे थांबत होते हे कळलं की सरळ म्हणतील, सगळ्यांना माया होती, हिलाच नव्हती. नोकरी जाईल तुमची. घर तुमच्या पगारावर चालतं, मला काय माहीत नाही?

बाई: म्हणतील ते खरंच म्हणतील.

सचिव: असं बोलू नका. कितीजणांना सोडवून आणलंय मी, तुम्हालाही आणीन. फक्त 'आम्ही' विसरू नका.

(घंटा होते.)

सचिव: चला, उठा. अहो बाई, तिकडे कुठे? मोठ्या बाईंची खोली इकडे.

बाई: पोरं सुटली.

सचिव: त्या खोलीची खिडकी मागच्या फाटकावरच आहे. तिघेही बघत असतील. हात दाखवून अवलक्षण नका करू. आज थांबलात तर त्या दिवशी का नाही थांबलात, हेच विचारतील.

बाई: मीही तेच विचारते रोज.

सचिव: नोकरी जाईल हो.

बाई: हं.

चित्रकलेच्या बाई: थांब, मी येते.

सचिव: तुम्हीसुद्धा? बरं, निदान पर्स तरी घ्या बरोबर.

चित्रकलेच्या बाई: राहू दे, सर. आज नुसतीच उभी राहते.

सचिव: आणि मी आत जाऊन काय सांगू त्यांना?

बाई: सांगा, पोरं गेली की येते. नाहीतर असं करा सर, आधी फाटकाचं पलीकडचं दार धरा जरा. वाऱ्याने मिटतं ते, पोरांची बोटं सापडतात.