मान न हलवता ऐकायचा अल्बम

...आणि वर तोंड करून मलाच म्हणतात, सुचवणाऱ्याचं काय जातं? जातं हो, बरंच जातं. झोप जाते, भूक जाते, आणि त्या दिवशी तर माझ्या सासऱ्यांचा डोळा जाता जाता राहिला. डोळा म्हणजे कुठला, तर शिल्लक राहिलेला एकुलता एक, उजवा. डावा सहा वर्षांपूर्वी काचबिंदूत गेला, तो माझ्यामुळे नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात कशाचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल काही सांगता येत नाही.

मी मुळातच घाबरट माणूस. धंदा काय, तर गाडी शिकवायचा. म्हणजे बघा, ज्याला येत नाही त्याच्या शेजारी रोज आठ तास बसायचं. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. तर त्या गाडीत जीव थाऱ्यावर राहावा म्हणून मी दिवसभर ख्रिस्ती गाण्यांचे अल्बम लावतो. सगळ्या तऱ्हेचे. ऑर्गनवाले, गिटारवाले, टाळ्यावाले, मठातले, नाचरे. शिकणारा घाबरला की एक, मी घाबरलो की दुसरा. आमच्या चर्चचे पाळकसाहेब शिकायला आले, तिसऱ्या दिवशी खांबाला गाडी लावली, आणि खाली उतरून खांबाकडे न बघता मला म्हणतात, "अहो, काय सुंदर संग्रह आहे तुमचा. मंडळीच्या पत्रिकेत महिन्याला अर्धं पान लिहा की. कुणी काय ऐकावं, नुसतं सुचवायचं. सुचवणाऱ्याचं काय जातं?"

लिहायला लागलो. पहिल्याच महिन्यात रक्तदाबाच्या एका बाईंनी माझ्या यादीतला ब्रास बँडचा अल्बम आंघोळीच्या वेळी लावला, आणि पहिल्या ट्रम्पेटला त्या ज्या घसरल्या, ते त्यांचे यजमान अजून माझ्याशी हात मिळवत नाहीत. मी लिहिलं होतं, "जागं करणारा अल्बम." त्यात खोटं काय होतं? पण नाही. लोकांना सल्ला फुकट हवा आणि वर जबाबदारीही तुमचीच हवी.

बरं, आता सासरे. सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं आमच्या चर्चच्या क्वायरचे, म्हणजे गायकवृंदाचे, मास्तर. भला माणूस, पण मान... तुम्हाला त्या मानेबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण सगळा घोळ मानेचा आहे. त्यांच्या कानावर काहीही ताल पडला की मान तो धरते. हात खिशात घाला, मान धरते. जेवताना धरते, प्रार्थनेत धरते, दाढी करताना धरते, म्हणून त्यांच्या हनुवटीवर कायम कापसाचा बोळा. घरात कपडे धुण्याचं मशीन लागलं की समोर उभे राहून ताल देतात, आणि शेवटी मशीन थांबायला आलं की दोन्ही हात वर नेऊन, मूठ आवळून, त्याला थांबवतात. आणि ते थांबतं हो. मशीन ऐकतं त्यांचं.

तर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. स्वरलिपीचे कागद नाकाला लावले तरी वाचता येईनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन वीस मिनिटांचं. पण यांना झोपवणार नाही, डोळा फक्त बधिर करणार. जागे राहतील. मान हलता कामा नये, केसभरही नाही. दुसरा डोळा नाही, हे लक्षात ठेवा." मास्तर म्हणाले, "मागच्या वेळी, डाव्या डोळ्याला, तिथे शांतता होती आणि मशीन टिकटिक करत होतं. मला कापरं भरलं होतं." बाई म्हणाल्या, "मग आवडीचं संगीत लावू की. पुष्कळ पेशंट त्यानं शांत पडून राहतात. घेऊन या एखादा अल्बम." आणि आमच्या हिने, माझ्या बायकोने, एक क्षण विचार केला असेल तर शपथ, लगेच बोट माझ्याकडे. "हे सुचवतील. पत्रिकेत लिहितात ना? सुचवणाऱ्याचं काय जातं?"

तुम्ही विचार करा. ज्या माणसाची मान कपडे धुण्याच्या मशीनवर हलते, त्याला संगीत लावून न हलता आडवं ठेवायचं, डोळ्यात सुई असताना, आणि अल्बम निवडायचा मी. मी म्हटलं, "अगं, कापूस घालू कानात." ती म्हणाली, "मग थरथरतील ते." मी म्हटलं, "तू निवड." ती म्हणाली, "मला कुठे त्यातलं कळतं?" संपला विषय.

आठ दिवस, सांगतो, घास उतरला नाही. गाडीत शिकणारा डावीकडे वळतोय की भिंतीत शिरतोय इकडे लक्ष नाही, मी आपला एकेक अल्बम लावून डोळ्यांसमोर मास्तरांची मान आणून बघतोय. 'सात खांब' घ्या. मोठा ऑर्गन, साठ माणसांचा क्वायर, चार आवाज, ऐकताना छत वर गेल्यासारखं वाटतं. तुम्ही जरूर ऐका, मान शाबूत असेल तर ऐका. पण मास्तर? दोन्ही हातांनी साठ माणसं आत घ्यायला उठून बसले असते. बाद. 'उठा सकाळ झाली', टाळ्या आणि नाचरी गाणी, त्यात तर पायही नाचले असते. 'ओसाड रानातला झरा', एकटी बाई, एक गिटार, इतका हळुवार की वाटलं, हाच. पण चौथ्या गाण्याला मास्तर दर वेळी रडतात. डोळ्याच्या ऑपरेशनला रडणारा पेशंट, काय म्हणतील त्या बाई? बाद. मग पियानोचा तो जॅझचा, 'उशिरा आलेले कामकरी', अप्रतिम, पण त्यात पियानोवाला मुद्दाम तालाच्या मागे रेंगाळतो, आणि मास्तर त्याला मानेनं पुढे ओढतात, बैल ओढावा तसा. बाद. आणि 'अग्नीची भट्टी' तर मी यादीत धरलाच नाही. करकरीत इलेक्ट्रिक गिटार, ओरडून ओरडून केलेली उपासना, मला फार आवडतो, पण मास्तरांना तिटकारा. एकदा गाडीत लावला होता, तर घरापर्यंत दातावर दात आवळून समोर बघत बसले आणि नंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सातव्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. ताल असला की मान हलते ना? मग तालच नको. 'मठातली सकाळ'! भिक्षू गातात, वाद्य नाही, ताल नाही, लांबच लांब एक ओळ, धुरासारखी जाते. मान धरणार काय, कपाळ? घरी चाचणी घेतली. मास्तरांना सोफ्यावर आडवं केलं, तोंडावर टॉवेल टाकला, उजव्या डोळ्यापुरती जागा ठेवली, पहिलं गीत लावलं. ढिम्म. मान जागच्या जागी. हिने माझ्याकडे असं बघितलं... लग्नानंतर पहिल्यांदाच तसं बघितलं. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तिथेच फसलो.

ऑपरेशनच्या दिवशी मास्तर आत गेले. जाताना माझा हात धरून म्हणाले, "जावईबापू, काळोखाची मला भीती वाटते हो." बस, एवढंच. असा माणूस, ज्याला अख्खा क्वायर घाबरतो. बाहेर नातेवाइकांच्या खोलीत टीव्ही होता, त्यावर आतलं दिसतं. टीव्हीभर एक डोळा. फक्त डोळा, पापण्या ताणून धरलेल्या, आणि त्यात बारीकशी सळई जाताना दिसते. ही डोळे मिटून बसली, मला मिटताही येईनात. मी खुर्चीत बसून उजव्या पायानं फरशी दाबत होतो, ब्रेक शोधत होतो. तिथे ब्रेक नसतो हो.

पहिलं गीत झालं, डोळा स्थिर. दुसरं झालं, स्थिर. तिसरं सुरू झालं आणि टीव्हीवरचा डोळा हलला. एकदा डावीकडे. परत डावीकडे. सळई झटकन बाहेर आली. हिने माझं मनगट पकडलं, "काय झालं? अहो, काय झालं?" आणि माझ्या लक्षात आलं काय झालं. अहो, वाद्याशिवाय गाणारे लोक गाता गाता सुरात खाली खाली सरकतात. सगळेच सरकतात, भिक्षू असले म्हणून काय झालं, माणसंच ती. पहिल्या गीतात कळत नाही, तिसऱ्यापर्यंत चांगला अर्धा सूर जातो. मी ताल बघितला, सूर बघितलाच नाही. चाळीस वर्षं क्वायर घेणाऱ्या मास्तरांना आडवं पाडून मी त्यांच्या कानात बेसूर क्वायर सोडला होता.

दार उघडून नर्सबाई आल्या. "अल्बम कोणी आणलाय?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "चला आत. ते मान हलवतायत आणि म्हणतायत, सूर खाली चाललाय, मागच्या रांगेला सांगा."

मला झगा घातला, टोपी घातली, दाराशी उभं केलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता, एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "भिंग काढून झालंय, नवं बसवायचंय. गाणं बंद केलं तर थरथरतात, चालू ठेवलं तर मान हलवतात. कपाळाला पट्टी लावली आहे, या मानेपुढे पट्टीचं काही चालत नाही. मला दहा मिनिटं दगड हवाय. काय लावू? सुचवा."

सुचवा. त्या खोलीत, त्या डोळ्यासमोर, सुचवा. खाली हिरव्या कापडातून मास्तरांचा आवाज आला, बारीक, "कोण, जावईबापू का? अहो, शांतता नका ठेवू हो." आणि मला रडू आलं, खरं सांगतो, मला त्या माणसाची एवढी माया आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळा गेला तर ते काळोखात बसणार, घरच्या खुर्चीत, समोर मशीन, आणि मी रोज समोरून जाणार. नर्सबाईंनी गाणी लावलेला माझाच फोन पुढे केला, त्यावर बोट फिरवतोय. खांब, झरा, कामकरी... दगड हवाय म्हणाल्या. दगड. दगडासारखे ते कधी बसले होते?

मी 'अग्नीची भट्टी' लावला.

पहिल्या फटक्याला नर्सबाईंच्या हातातलं ताट वाजलं. पण मास्तर... मास्तरांचा जबडा आवळला गेला. मान ताठ. हात ताठ. पायाचे अंगठेसुद्धा ताठ, मी बघितले. ताल होता हो त्यात, दणदणीत होता, पण त्या तालाला मान देणं म्हणजे त्याला मान्यता देणं, आणि चाळीस वर्षांचा मास्तर जीव गेला तरी ते करणार नाही. दहा मिनिटं तो माणूस नुसत्या रागावर न हलता पडून होता. डॉक्टरीणबाईंनी भिंग बसवलं, सरळ झाल्या, आणि म्हणाल्या, "इतका स्थिर पेशंट मी आजवर पाहिला नाही. काय नाव या अल्बमचं?" आता त्यांच्याकडे सगळ्यांना तोच लावतात म्हणे. पेशंट घाबरून गप्प पडतात. आणि मला निरोप, आणखी सुचवा, सुचवणाऱ्याचं काय जातं?

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. मास्तरांनी तक्त्यावरची अगदी खालची ओळ वाचली, एका दमात. ही रडली, मी रडलो. मास्तर माझा हात धरून म्हणाले, "काय भयंकर अल्बम होता हो." पण हात सोडला नाही माझा. मला वाटलं, सुटलो. एकदाचं माझ्या हातून काहीतरी धड झालं.

पण एक सांगायचं राहिलंच. क्वायरमध्ये मीही आहे. जावई म्हटल्यावर उभं राहावंच लागतं, मागच्या रांगेत, खांबाच्या जरा आड. आणि मला गाता येत नाही. अजिबात नाही. पाच-सहा वर्षं मी तिथे नुसते ओठ हलवतोय, आवाज शून्य, आणि कुणाला पत्ता नाही, कारण मास्तरांना मागची रांग म्हणजे पांढरं धुकं. तर गेल्या रविवारी नव्या डोळ्यानं ते पहिल्यांदा उभे राहिले. हात वर केला. रांगेवरून नजर फिरवली, पहिली, दुसरी, मागची... आणि थांबली. अख्खं गीतभर थांबली. उपासना संपल्यावर जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आणि फार प्रेमानं म्हणाले, "जावईबापू, पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत. दोन कडवी तुम्ही एकट्यानं म्हणायची."

आणि तो डोळा वाचावा म्हणून आठवडाभर उपास करून गुडघे कोणी टेकले होते, माहीत आहे? मीच.