गिअरबॉक्सचं ऑइल

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या शिक्षिकेला, समोरच्या जुन्या व्हॅनपाशी बाप-लेकीचं मेकॅनिकशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं.

"काका, त्रास नेमका कधी होतो?"

"दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना. इंजिन नुसतं ओरडतं, मग धाडकन झटका बसतो. हिने चार दिवस चालवली आणि पार वाट लावली. किल्लीच काढून घेतली मी."

"बाबा, इथे तरी नको."

"का नको? गाडीच्या डॉक्टरपासून काय लपवायचं?"

मेकॅनिकने गिअरबॉक्सचं ऑइल तपासायची पट्टी ओढून पांढऱ्या फडक्यावर पुसली.

"हे ऑइल कोणी बदललं?"

"मीच. हिला गाडी देण्याच्या आदल्या दिवशी."

"कोणतं घातलं?"

"इंजिनचं उरलं होतं, तेच. ऑइल ते ऑइल."

"ऑटोमॅटिकला वेगळं लागतं, काका. लाल असतं. हे बघा, काळपट. याने आतल्या प्लेटा घसरतात. ताईंचा यात काही दोष नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तू बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते, मी काही केलं नाही म्हणून. तुम्ही घरी आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर मला गप्प केलंत. तीन महिने आईला डायलिसिसला बसने नेतेय मी."

शिक्षिकेने मान वळवून रस्त्याकडे बघितलं. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, तो फोनवर बायकोशी बोलत होता.

"अगं, ऐक. गाडी मी बिघडवली. हो, मीच. पोरगी इथेच आहे, शेजारी. नाही गं, तिला अजून काही बोललो नाही. तिच्याकडे बघायचाच धीर होत नाही."