विडीची खिंड

ऐका. आणि ऐकायच्या आधी ती विडी विझवा. हो, तुम्हालाच म्हणतोय, खांबाला टेकून बसलेल्यांना. नीट विझवा, मातीत दाबा. रागावू नका. गोष्ट ऐकलीत की तुम्हालाच राग येईल, पण माझा नाही.

तर ठकूबाई झोरे. हुंबरवाडीची, म्हशीवाल्यांच्या घरातली. दिवेलागण होऊन गेली, जेवणं झाली, आणि ही बाई एकटी खिंडीच्या वाटेला लागली. हातात काठी, कमरेला कोयता. चांदणं नाही, वर ढग, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर वाळलेलं गवत. पाऊल टाकलं की कुरकुर वाजायचं.

आता म्हणाल, असल्या रात्री का निघाली? तर तो आठवडाच तसला होता.

शिमगा होऊन गेला होता, चैत्र लागला होता. सोमवारी कोरडा वारा सुटला. असा सुटला की डोळ्यांतलं पाणी वाळावं! गवत कागदासारखं झालं. त्याच दिवशी साहेब लोक गाडीतून आले, वाडीच्या तोंडाशी कापडी फलक बांधला, 'वणवा रोखा, वने वाचवा', त्याखाली उभे राहून फोटो काढले आणि गेले. त्यांतल्या एकानं जाताना सिगारेटचं थोटूक टाकलं ते ठकूबाईनं पायानं दाबलं. मंगळवारी रात्री पलीकडच्या डोंगरावर जाळाची माळ दिसली. बुधवारी दिवसभर धूर, सूर्य तांब्याच्या पैशासारखा. गुरुवारी वारा एकदम पडला. पाखरूसुद्धा गप्प. घाम पुसून पदर ओला व्हावा असा उकाडा. आणि शुक्रवारी दुपारी दक्षिणेला ढग चढले. काळे, एकावर एक. संध्याकाळी विजा सुरू झाल्या. पण थेंब नाही! एक थेंब नाही. नुसत्या कोरड्या विजा, आणि खाली सगळा डोंगर काडी लावायची वाट बघत पडलेला.

आणि ठकूबाईच्या म्हशी होत्या वर, पठारावर. तिथं झरा आहे, म्हणून उन्हाळाभर म्हशी तिथंच असतात. गवती छपराचा गोठा. तिचा नवरा धाकलू संध्याकाळी धार काढायचा, म्हशी दाव्याला बांधायचा, बिबट्याच्या भीतीनं दाराला आडव्या लाकडाचा आडणा घालायचा आणि अंधाराच्या आत खाली यायचा. आलं ना ध्यानात? बांधलेल्या म्हशी, बंद दार, गवताचं छप्पर. गेल्या वर्षी बाबू एडग्याच्या म्हशी अशाच दाव्याला बांधलेल्या जळाल्या. त्यांचं ओरडणं खाली वाडीत ऐकू येत होतं. ठकूबाईनं ते ऐकलं होतं.

"म्हशी सोडून खाली आणते," ती म्हणाली.

"येडी का काय? उद्या आणू की."

"उद्या काय राख आनायची? चला, दोघं जाऊ."

"आलो असतो गं," धाकलू म्हणाला, "पन गुडघा."

गुडघा! त्या रात्री वाडीतल्या झाडून सगळ्या बाप्यांचा गुडघा दुखत होता. कारण वाट खिंडीतून होती.

त्या खिंडीत एक शेंदूर फासलेला दगड आहे. त्याला म्हणायचे बाबा. बाबा कसला, चकवा तो! माणसाला वाट चुकवणारा, रात्रभर गरागरा फिरवणारा. आणि त्यानं सोडावं म्हणून रीत काय? जाणाऱ्यानं विडी पेटवायची आणि जळती विडी दगडावर ठेवायची. जळती! वाळल्या गवतात! मग वारा येतो, विडी घरंगळते, डोंगर पेटतो. दुसऱ्या दिवशी सगळे माना हलवतात, बाबा कोपला. आणि कोपला म्हणून पुढच्या खेपेला दोन विड्या! बघा, आहे का काही? शिमगा झाला की डोंगरावर विस्तू न्यायचा नाही हा याच वाडीचा नेम. चुलीतला निखारा नाही, कंदील नाही, काडी नाही. मोडला तर पंचांपुढं उभं राहावं लागायचं. पण बाबाची विडी? ती चालते. तिला विस्तू म्हणत नाहीत, तिला मान म्हणतात.

धाकलूनं उठून बायकोच्या मुठीत विडी आणि काड्यापेटी कोंबली. "तेवढा मान दे बाबाला. हट्ट करू नगंस."

तिनं घेतली, कमरेला खोचली. वाद घालायला वेळ नव्हता.

चढण लागली. वीज चमकली की वाट दिसायची, मग पुन्हा अंधार. निम्म्या चढणीवर मागून खोकला आला. म्हाताऱ्याचा, ओला, छातीतला.

"बाये, विडी हाय का गं?"

ठकूबाईनं मागं बघितलं नाही. मागं बघायचं नसतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तिलाही होतं.

"हाय. पन पेटवायची न्हाई."

"काडी?"

"तीबी हाय. तीबी पेटवायची न्हाई."

खोकला थांबला. पण गवतात पावलं वाजत राहिली. ती थांबली की थांबायची, ती निघाली की निघायची.

खिंड आली. वीज चमकली, दगड दिसला. भोवती विड्यांच्या थोटकांचा हा ढीग! ती न थांबता पुढं गेली. आता पठाराची सपाटी लागायला हवी. लागेना. वाट वळली, उतरली, पुन्हा चढली. आणि समोर काय? दगड! तोच. ती पुन्हा चालली, पाय उचलून, दम खात. पुन्हा दगड! वर कुठंतरी गडगडलं. म्हशी बांधलेल्या होत्या.

"पेटव," कानाशी आवाज आला. "ठेव. सोडतो."

ठकूबाई खाली बसली. घाबरून नव्हे. तिनं ती विडी उलगडली, तंबाखू तळहातावर घेतली, कमरेच्या चंचीतला चुना लावून चांगली मळली. एक चिमूट दगडावर ठेवली, उरलेली आपल्या दाढेखाली धरली.

"घ्या. मागणाऱ्याला तंबाखू न्हाई म्हनू नये म्हनून दिली. चावून खा."

मग दगडावरची चिमूट फुंकर मारल्यासारखी उडाली.

"मला जाळ पायजे."

"जाळ मिळायचा न्हाई," ती म्हणाली आणि उठून चालू लागली.

तेवढ्यात मागून हाक. ओळखीची! धापा टाकत, ठेचकाळत कुणीतरी येत होतं. "ठके! अगं थांब. आलो मी. एकटी कशी सोडू तुला? कंदील इझला बघ, काडी दे जरा."

धाकलू! आला म्हणजे आला! इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्यामागं आला! तिचा हात कमरेच्या पेटीकडं गेलासुद्धा. सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "गुडघा कसा हाय?"

"कंचा गुडघा?"

झालं! तिचा हात तिथंच थांबला. भूत सगळं शिकलं, पण धाकलूचं सोंग काही त्याला जमलं नाही.

ती पळत सुटली. आणि सपाटी लागली, एकदम! आणि पठार पेटलेलं!

ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळ. लाल, उंच, डुलणारा. जाळाच्या पलीकडं म्हशी हंबरत होत्या. तिच्या म्हशी. म्होरक्या म्हशीचा, मोरीचा, आवाज तिनं ओळखला. जाळ गोठ्याकडं सरकत होता. आणि कानाशी तो म्हातारा, आता अगदी मायेनं बोलणारा, "आडवा जाळ लाव, बाये. तुला ठावं हाय. लाव काडी, वाचव म्हशी."

ठाऊक होतंच. मोठा वणवा अंगावर आला की त्याच्या वाटेतलं गवत आपणच आधी जाळायचं, म्हणजे त्याला खायला उरत नाही. तरणेपणी तिनं ते केलेलं होतं. तिनं गुडघे टेकले. पेटी काढली. काडी काढली. काडी पेटीला लावली, आता ओढायची...

आणि तोंडावर वारा आला. समोरून, जाळाकडून. गार!

गार वारा! एवढ्या जाळावरून येतो आणि गार?

ठकूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. भीतीबिती गेली सगळी. दाढेखालच्या तंबाखूची पिंक तिनं थेट काड्यापेटीत मारली. पुन्हा मारली. काड्या भिजून लगदा झाल्या, तेव्हा पेटी मातीत रगडली आणि उभी राहून गरजली.

"लाज न्हाई वाटत? म्हातारा झालास, मेलास, दगड झालास, तरी लाज न्हाई? मानाच्या नावावर दरसाल डोंगर खातोस! बाबूच्या म्हशी खाल्ल्यास, आता माझ्या पायजेत?"

समोरचा जाळ लवला. त्यातून माणूस दिसला. काळा, वाळलेला, केस जळून गेलेला.

"मी हितं जळलो!" तो किंचाळला. "कुनाच्या तरी विडीनं जळलो! हाका मारल्या. खालनं समद्यांनी बघितलं. एक आला न्हाई!"

"मग ज्यानं विडी टाकली त्याला धर! जे आले न्हाईत त्यांना धर! माझ्या म्हशींनी तुझं काय खाल्लं रं?"

तो हळूच म्हणाला, "जळू दे. समद्यांचं जळू दे."

जाळ विझला. खोटा होता, खोट्यासारखा विझला. काळोख. लांब गोठा, शांत. तिनं श्वास सोडला.

आणि कडाड्!

पठाराच्या कडेचा हिरडा उभा चिरला. वीज! वाळला बुंधा भडकला, गवतानं पेट घेतला. आता ऊन झळ आली, धूर डोळ्यांत गेला, ठिणग्या हातावर चटकल्या. हा खरा! मागं तो खिदळायला लागला.

ठकूबाई धावली. पदर जड झाला, कुणी लोंबकळल्यासारखा. तिनं ओढला, सुटेना. कोयता काढला आणि पदरच कापला! दारापाशी पोचली, आडणा ओढून फेकला. आत म्हशी डोळे पांढरे करून खुंटे हिसकत होत्या. सोडायला वेळ नाही. दावी कापली, एक, दुसरं, सगळी. छपराचा कोपरा तडतडायला लागला. मोरी मुसंडी मारून बाहेर पडली, बाकीच्या तिच्यामागं. ठकूबाईनं मोरीचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटले.

चकवा माणसाला फिरवतो. म्हशीला काय फिरवणार? तो खोकला, त्यानं हाका मारल्या, रेडकाचा आवाज काढला. मोरीनं कान हलवला नाही. ती आपली सरळ घराकडं. दगड एकदाच लागला, एकदाच मागं पडला. आणि खिंड उतरताना आभाळ फाटलं. गारा! लिंबाएवढ्या गारा, मग पाऊस. वर पठारावर जाळ चरचरत विझला. ठकूबाई पहाटे वाडीत आली तेव्हा कपाळ फुटलेलं, पदर नाही, पण म्हशी सगळ्या. एकही कमी नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खरा संताप पुढंच आहे.

सकाळी वाडी जमली. पत्रे उडाले होते, आंबा गळून पडला होता, साहेबांचा तो फलक ओढ्यात तरंगत होता. बाळा गुरव म्हणाला, "इडी ठेवली न्हाईस ना, ठके? बघ आता. बाबा कोपला, गारा पाडल्या."

"गारा पडल्या म्हनून डोंगर वाचला! म्हशी वाचल्या! डोळं हायती का बटनं?"

ऐकतंय कोण? दोन दिवसांत पुन्हा कडक ऊन पडलं, गवत वाळलं, आणि ही मंडळी विड्यांचं अख्खं बंडल घेऊन खिंडीत निघाली. सगळ्यांचे गुडघे बरे झाले होते. दिवस होता ना!

वर जाऊन बघतात, तर दगडावर ठकूबाई बसलेली. शेंदरावर, ऐसपैस. कपाळाला हळद, मांडीवर कोयता.

"ऊठ ठके! बाबाची जागा हाय ती!"

"बाबाला म्हनावं, उठव मला."

कुणी पुढं येईना. धाकलू तेवढा आला. लंगडत आला, बायकोच्या शेजारी जागा करून दगडावर बसला. मग बाबू एडगे आला. विड्यांचं बंडल न पेटवता तसंच खाली वाडीत गेलं.

तर ऐका आता शेवटचं. रात्री त्या खिंडीनं जाऊ नका. कुणी विडी मागितली, तुमच्या माणसाच्या आवाजात मागितली, तरी मागं बघू नका. तो तिथंच आहे, गेलेला नाही. आणि जाणं टळतच नसेल तर काडी घरी ठेवून जा. तो फिरवेल. रात्रभर फिरवेल. फिरा! पाय दुखतील, रडू येईल, पण उजाडतं. पेटलेल्या गोठ्यात बांधलेल्याला मात्र उजाडत नाही.

उठा आता. जपून जा.