काळजी माझी, पलंग त्याचा

नाही, पण दार फोडायची काय गरज होती, मला सांगा! किल्ली शेजारणीकडे होती! बेल दाबायची, ‘आईची किल्ली द्या’ म्हणायचं, संपलं! पण नाही... सुतार आणला, कुलपाच्या जागी हे एवढं भोक पाडलं, आणि मी बाथरूमच्या दारात, टॉवेलात, डोक्याला शाम्पू! थोरला माझा, पन्नाशी उलटलेला बाप्या, मला बघून रडायलाच लागला. ‘आई, तू फोन का उचलत नव्हतीस?’ अरे, शॉवर चालू होता! तर म्हणे काळजी!

तुम्हाला सांगते, सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, तोंडात ‘हॅलो’. साऱ्या गावाचे फोन उचलून झालेत माझे! आता वाजतोय तर वाजू दे की... पण बोलायची सोय नाही. का? तर काळजी!

मग बसली बैठक. माझ्या घरात, माझ्या खुर्च्यांवर, माझा चहा पीत, आणि मी समोर असताना माझ्याबद्दल असे बोलत होते, जणू मी भिंतीवरचं कॅलेंडर! थोरला म्हणतो, ‘आईला आता एकटं ठेवून चालणार नाही.’ लेक म्हणते, ‘हो रे दादा, काही झालं म्हणजे?’ काही झालं म्हणजे काय? बोला की स्पष्ट! मी म्हटलं, ‘मेले म्हणजे, असंच ना?’ तर लेकीनं डोळ्याला पदर... पदर कुठला, माझा टेबलक्लॉथ लावला! ठरलं. आळीपाळीनं झोपायला यायचं. मला विचारलं? छे! मला कशाला विचारतील, काळजी त्यांची ना!

थोरला आला. येताना काय आणलं? लॅपटॉप, स्वतःची उशी आणि भूक. जेवला, माझी मालिका बंद केली, मॅच लावली, आणि म्हणतो कसा, ‘आई, मला सोफ्यावर नाही गं जमत, कंबर धरते.’ मग पलंगावर कोण? तो! सोफ्यावर कोण? मी! एकोणऐंशी वर्षांची! आणि घोरणं... वॉशिंग मशीनमध्ये कुणी दगड टाकलेत जणू! मला काही झालं असतं ना, तरी पठ्ठ्यानं कूस बदलली नसती. पण ऑफिसात सांगतो, ‘सध्या आईकडे असतो, काळजी वाटते.’ आणि लोक म्हणतात, ‘वा! मुलगा असावा तर असा!’

लेकीची तऱ्हा निराळी. ती येते आणि आडवी होते. ‘आई, किती शांत वाटतं गं तुझ्याकडे!’ अगं, शांत होतं! तुम्ही यायच्या आधी! घरी सासू उठवते ना सकाळी... म्हणून इथं येऊन माझी काळजी करते बिचारी. डोळे मिटून करते, दुपारपर्यंत!

आणि एक दिवस सोफ्यावरून उठायला गेले, तर कंबर म्हणाली, तू हो पुढे, मी नाही येत! घाबरले हो मी. पहिल्यांदा घाबरले. कारण मला दिसलं ना, आता यांना आयतंच निमित्त सापडलं!

दोघांनी धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतो, ‘आजी, वय झालं की असं व्हायचंच.’ मी म्हटलं, ‘वय नाही हो, सोफा!’ ऐकतोय कोण? तो माझ्या डोक्यावरून थोरल्याला विचारतो, ‘एकट्याच राहतात का?’ हा म्हणतो, ‘हो ना डॉक्टर, किती सांगितलं, ऐकतच नाही!’ काय तो पडेल चेहरा! ‘मग यापुढे कायम कुणीतरी सोबत हवं.’ मी म्हटलं, ‘अहो, सोबतीनंच कंबर गेली! मला एकटेपणा लिहून द्या, दिवसातून तीनदा, रिकाम्या घरी!’ तर डॉक्टर हसला... ‘आजी मिश्कील आहेत हं!’

झालं. थोरला बॅगा घेऊन कायमचा आलाय. पलंग अर्थात त्याचाच. मला सोफा वर्ज्य, म्हणून एक घडीची खाट आणलीय, फ्रिजशेजारी टाकलीय. आणि काल एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचा फोन आला. ती विचारते, ‘काय गं, अजून एकटीच राहतेस का?’

म्हटलं, ‘नाही गं बाई... एवढं कुठलं माझं नशीब!’