बारापट वेग

मरणाच्या आदल्या दिवशी वाटाण्याचं सूप पिता पिता निवृत्त हॅल्व्हर लेकीला म्हणाले होते, "सिग्ने, औषधाच्या पंपाचा माझा प्रोग्राम बरोबर आहे." तिने विषय बदलला होता.

महिन्याभराने डोनटच्या रांगेत तिच्या पुढचे दोघे इंजिनिअर बोलत होते.

"चाचणीत पंपाने बारापट वेगाने औषध ढकललं, ते हॅल्व्हरमुळे नाही."

"मग?"

"जुना प्रोसेसर मिळेना, म्हणून मी त्याचीच रचना नव्या प्रोग्रामेबल चिपमध्ये बसवली. ती बारापट चपळ निघाली. प्रोग्राम अजून जुन्या, संथ प्रोसेसरच्या ठोक्यांच्या हिशेबानेच वेळ मोजतोय."

"आणि तू म्हाताऱ्याला फोनवर झापलंस, शहाण्या."

"आज माफी मागतो."

सिग्नेने त्याच्या खांद्याला हात लावला.

"ते गेले," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी. मलाही वाटलं होतं, चूक त्यांचीच."