सातचं बोलावणं

१४ डिसेंबर. सकाळपासून बारीक बर्फ, वारा नाही.

शेखर आणि अंजली सुट्टीला अमेरिकेत, ईडन प्रेरीला आमच्याकडे आलेत. फ्रान्सला जाऊन त्यांना आठ महिने झाले. चहा घेताना शेखर म्हणाला, "यार, तिथलं जगणं आपल्याला पक्कं जमलंय."

"जमलंय?" अंजली म्हणाली. "घरमालकीणबाईंचं सांगू का?"

बाईंनी सात वाजता ड्रिंकला बोलावलं होतं. तिकडे याचा अर्थ तासभर गप्पा, मग आपापल्या घरी जेवण. पण भाडेकरार वाढवून हवा होता, म्हणून शेखर दुपारी उपाशी राहिला. पाहुणा पोटभर जेवला की यजमान खूश, म्हणे! ऑलिव्ह आले, खारे दाणे आले. साडेनऊ वाजले तरी हा हलेना.

"न जेवता उठलो असतो तर त्यांना वाईट वाटलं असतं गं."

"अरे, त्या आपले कोट घेऊन आल्या होत्या!"

"मला वाटलं, खोली गार झाली म्हणून."

शेवटी बाईंनी विचारलं, "आणखी काही हवंय का?"

शेखर म्हणाला, "साधंच करा काहीतरी."

बाईंनी दोन अंड्यांचं ऑम्लेट केलं. दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

करार आणखी वर्षभरासाठी वाढला. पुढचं बोलावणं सकाळी दहाला, कॉफीचं आलं.