कीली म्हंजे कुलूप

माझं नाव भैरू, गाव उचगाव. बा दुसऱ्याच्या रानात राबून गेला, आई बैलहोंगलकडची, तिची बोली कानडी, त्यामुळं घरात आई कानडीत वरडायची, बा मराठीत गुरगुरायचा आनि मी दोन्हीकडनं मार खायचो. काय सांगू तुम्हाला, मला कानडी शिकाया शाळा लागली न्हाय. हे आधी लिवून घ्या, कारन म्होरचं समदं रामायन एका शब्दापायी झालंय.

मालकांचं नाव लिवू नका, आप्पासाहेब म्हना. टिळकवाडीत बंगला, उचगावात शेती. सत्तर सालाच्या पुढं त्येनी ट्रॅक्टर घेतला तवापासनं चालवाय मीच. आमी बुद्ध धर्म घेतल्याली मानसं, ट्रॅक्टरच्या शिटवर बसवाय चालतो, बंगल्यातल्या खुर्चीवर चालत न्हाय. म्हनू दे मला. रागानं बोलतोय, पन खोटं बोलत न्हाय.

आता टॉप लिंक म्हंजे काय ते सांगतो. ट्रॅक्टरच्या मागं नांगर तीन जागी धरल्याला असतोय, खाली दोन हात आनि वर एक. ह्यो वरचा हात म्हंजे टॉप लिंक. ती आखूड केली की नांगर पुढं नाक खुपसतोय, लांब केली की मागं बसतोय. साधी लिंक आट्याची असत्या, दर खेपंला खाली उतरून हातानं फिरवायची. ऐंशीच्या पुढं मालकांनी कुठल्या तरी प्रदर्शनात तेलाच्या दाबावर चालनारा शिलिंडर बगितला, शिटवर बसून दांडा वडला की लिंक लांब-आखूड. आले आनि म्हनाले, भैरू, आपल्याला ह्यो पायजे.

बरं म्हनलं. सुतळी घेतली, दोन गाठी मारल्या. पैल्या गाठीपतोर शिलिंडर मिटल्यावरची लांबी, पिनीपासनं पिनीपतोर, आनि दुसऱ्या गाठीपतोर पुरा उघडल्यावरची. सुतळी मालकांच्या हातात दिली आनि तोंडानं सांगटलं, दोन्ही अंगानं तेल घेनारा घ्या, ढकलनारा बी आनि वडनारा बी, पिना आपल्या भोकाच्या मापाच्या घ्या, आनि समद्यात म्हत्त्वाचं, कुलूप घ्या. कुलूप म्हंजे तेल आत कोंडून धरनारा वॉल, शिलिंडरच्या अंगावरच बसतोय, पाईप फुटला तरी नांगर जितल्या तितं ऱ्हातोय. व्हय व्हय म्हनाले.

पिरनवाडीच्या अलीकडं बसप्पा मिस्त्रीचं पत्र्याचं वर्कशॉप. मी ट्रॅक्टर घिऊन गेलतो, मालक जीपनं आलते. आत पाय टाकतोय तवर मालक म्हनाले, तू भाईर थांब, ट्रॅक्टरजवळ. ट्रॅक्टर काय पळून जानार हुता व्हय? थांबलो. आत लेथ चालू, बोलनं काय ऐकू येईना.

शिलिंडर भाईर आला, माप बरोबर, पिना बरोबर, पन कुलूप न्हाय. इचारलं तर म्हनाले, मिस्त्री कुलपाचं काय बोलला न्हाय, तू जोड गुमान. आनि मी जोडला. त्येवडी माझी चूक, मानतो, त्येच्या म्होरची माझी न्हाय.

बटाटं निघालते, नांगरट चालू हुती. फाळाचा बोल्ट ढिला झाला म्हनून नांगर उचलून ठिवला आनि मागं बसून आवळाय लागलो. पाईप फुटला, तेल तोंडावर उडालं आनि नांगराची शेपटी खाली आली ती डाव्या हातावर. तीन बोटं गेली. ही बगा. मालकांनी गावभर सांगटलं, ड्रायव्हरची चूक, उचलल्याल्या नांगराखाली हात घालतंय का कोन? आनि शिटवर दुसरा बसवला.

पट्टी बांधल्याला हात घिऊन मी बसप्पाकडं गेलो, आईच्या भाशेत शिव्या घातल्या, कुलूप का दिलं न्हाईस म्हनून. त्येनं लेथ बंद केली. मंग म्हनला, अण्णा, मी दोनदा इचारलं, कीली बेकेन्री, पायजे का? तुमचे सावकार म्हनाले, ब्याड्री, मन्याग ऐती. नको, घरात हाय.

काय सांगू तुम्हाला, डोस्क्यात तिडीक गेली. कानडीत कीली म्हंजे कुलूप, मालकांना वाटली आपली मराठीतली किल्ली, पाना-किल्ली! घरात डबाभर पडल्यात, इकत कशाला घ्यायच्या! कचेरीत साहेबासंगं फाडफाड कानडी बोलतो म्हननारा मानूस. कळलं न्हाय तर इचारायचं की हो, मी धा पावलावर हुबा हुतो. भैरू, कीली म्हंजे काय रं, एवढंच. पन ड्रायव्हरला इचारलं की नाक कापलं जातंय.

बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात चार शिकल्याली मानसं चहा पीत हुती, त्येंच्या म्होरंच म्हनलं, मालक, कीली म्हंजे किल्ली न्हवं, कुलूप, ह्या चौघांम्होरं तुमच्या तोंडानं म्हना, चूक माझी. मालक लालबुंद झाले. मला फाटकापतोर आनलं आनि हळू म्हनाले, कामावर परत घेतो, ह्यो इषय बंद कर. माझी बायको शेवंता नंतर लई बोलली, घ्यायचं हुतं काम, शब्दानं प्वाट भरतंय का? भरत न्हाय. पन ड्रायव्हरची चूक हे कपाळावर घिऊन त्या शिटवर बसायचं कसं?

बसप्पानंच मला ठिवून घेतलं. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं आनि कुलूप पायजे का, दोन्ही भाशेत इचारायचं, हे काम माझं. तीन-चार वर्सांनी मालक आले, दुसऱ्या ट्रॅक्टरला शिलिंडर पायजे हुता. मी खुर्चीवर बसल्यालो, उठलो न्हाय. इचारलं, कीली बेकेन्री? मालकांनी माझ्या डाव्या हाताकडं बगितलं. मंग म्हनाले, कुलूप पायजे, भैरू.

त्येवडंच. चूक माझी, हे आजून म्हनाले न्हाईत, गावात आजून ड्रायव्हरचीच चूक हाय. आता थकल्यात, त्येंचं बी भलं हू दे, जाऊ दे. तुमचं बी भलं हू दे, एवढ्या लांबनं येऊन बसलासा, वही काढून लिवून घेतलासा.

बगू वही. वाचाय येतंय मला. हितं वर, बसप्पाच्या तोंडी काय लिवलासा? किल्ली लिवलासा की हो! खोडा ते. कळलं न्हाय तर इचारायचं, मी हितंच बसलोय, तुमच्या म्होरं.